बोलेक्स एच-१६ रिफ्लेक्सला क्रिस्टल मोटर: दशावतारासाठी २४ फ्रेम की २५? आणि सुपर १६ करावं का?

मालवण_किनारा

नमस्कार मंडळी. १६ मिमी फिल्मच्या जुन्या चावीच्या कॅमेऱ्याला क्रिस्टल मोटर, म्हणजे क्रिस्टलच्या घड्याळावर नेमक्या वेगाने फिरणारी मोटर, लावायची आहे. कॅमेरा बोलेक्स एच-१६ रिफ्लेक्स, तीन लेन्सची टरेट (फिरवून लेन्स बदलायची चकती), व्हेरिएबल शटर. बाजूला मोटर जोडायला फक्त ८:१ शाफ्ट आहे (एका फेऱ्यात आठ फ्रेम), १:१ (एका फेऱ्यात एक) नाही. लेन्स दोन: स्विटार २५ मिमी एफ/१.४ आरएक्स (रिफ्लेक्स बोलेक्ससाठीच बनवलेली), आणि एक साधी सी-माउंट १६ मिमी. टरेटचं तिसरं भोक रिकामं आहे.

काम दोन प्रकारचं. दिवसा किनाऱ्यावर रापण (मासे धरायचं मोठं जाळं) ओढतात ते, आणि रात्री जत्रेतला दशावतार. दशावताराचा आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घ्यायचा आहे, म्हणजे पेटी-पखवाज आणि ओठ जुळायला हवेत. चावीची स्प्रिंग जेमतेम अर्धा मिनिट चालते आणि उतरत आली की वेग पडतो.

चाचणीच्या रोलमध्ये वेगाची डायल सेकंदाला २४ फ्रेमवर होती. दोन दोष दिसले. एक, ट्यूबलाइटखाली सगळं चित्र उजळ-मंद, उजळ-मंद असं धडधडतं. दोन, उन्हातल्या शॉटमध्ये मधेच एका कडेला केशरी झाक येते, काही फ्रेम टिकते आणि जाते.

मोटर कोणती आणि कशी बसवावी, वेग २४ ठेवावा की २५, आणि कॅमेरा उघडणारच आहे तर गेट (फिल्मसमोरची चौकट) रुंद करून सुपर १६ करून घ्यावं का, हे तीन प्रश्न. देव बरे करो.

पखवाज_आणि_प्रिझम

वेग २५. आपल्याकडे रात्रीच्या दिव्यांत शूट करणाऱ्याने याबाबत दुसरा विचारच करू नये. कारण सांगतो.

आपली वीज ५० हर्ट्झ, म्हणजे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात. तुमच्या कॅमेऱ्याचं शटर १३० अंशांचं. २४ फ्रेमला ते सुमारे १५ मिलिसेकंद उघडं राहतं. दिव्याचं एक आवर्तन १० मिलिसेकंदांचं, म्हणजे एका फ्रेमला बरोबर दीड आवर्तन मिळतं. हा सगळ्यात वाईट योग आहे. एका फ्रेमच्या वाट्याला दोन शिखरं येतात, काही फ्रेमनंतर एकच. शिवाय १०० ला २४ ने भागलं की ४ उरतात, म्हणून उजळ-मंद सेकंदाला चार वेळा दिसतं. तुमच्या रोलवर हेच झालं आहे. डोळ्याला चार हर्ट्झ फार खुपतात.

२५ ला एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत बरोबर चार आवर्तनं होतात. शटर कितीही अंशांचं असो, ते दरवेळी दिव्याच्या त्याच टप्प्यावर उघडतं आणि प्रत्येक फ्रेमला सारखाच प्रकाश मिळतो. पण वेग नेमका २५ हवा. स्प्रिंगवर डायल २५ च्या जवळ आणून भागत नाही, २४.७ झाला तरी हळू लाट येते. २४ हवेच असतील तर शटर १७२.८ अंशांचं हवं, ते या कॅमेऱ्यात नाही; नाहीतर लीव्हरने नेमकं ८६.४ अंशांवर आणावं लागतं, त्यात प्रकाश कमी होतो.

एक्सपोजरचं गणित नीट करा. लेन्समागचा प्रिझम प्रकाशाचा साधारण पाचवा हिस्सा व्ह्यूफाइंडरकडे वळवतो. शटरचा खरा वेळ २४ ला १/६५ असला तरी मीटरवर १/८० धरायचं, २५ ला १/८५ च्या आसपास. ५०० टी फिल्म (५०० आयएसओ, टंगस्टन दिव्यांसाठीची), एफ/१.४ उघडी, तर चेहऱ्यावर साधारण ८० ते १०० लक्स लागतील. पात्रांचे मुकुट आणि भरजरी कपडे चमकतात म्हणून मीटर फसतं. चेहऱ्याजवळ इन्सिडेंट, म्हणजे चेहऱ्यावर पडणारा प्रकाश, मोजा.

आणि शटरचा लीव्हर पूर्ण उघडा आहे ना, हे प्रत्येक रोलच्या आधी बघा. तो नकळत अर्ध्यावर सरकतो आणि अख्खा रोल एक स्टॉप अंधारा येतो.

लेथवाला_रत्नागिरी

यांत्रिक बाजू माझ्याकडून.

८:१ शाफ्टच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम पुढे जातात. २५ फ्रेमला १८७.५ आरपीएम, २४ ला १८०. हा वेग स्टेपर मोटरला (प्रत्येक विद्युत पल्सला ठराविक पाऊलभर फिरणारी) अगदी सोयीचा आहे. १:१ शाफ्ट असता तर १५०० आरपीएम लागले असते आणि तिथे स्टेपरचा दम तुटतो. म्हणजे १:१ नसल्याचं वाईट वाटून घेऊ नका. नेमा १७ मापाची, १.८ अंशांची, ४० मिमीच्या आसपास लांब, ०.४ न्यूटन-मीटरची मोटर पुरते.

जोडणी: मूळ रिवाइंड हँडल शाफ्टवर ज्या आकाराने बसतं तो आकार व्हर्नियरने मोजा आणि तसाच तुकडा टर्नरकडून डेल्रिनमध्ये (कडक प्लास्टिक) करून घ्या. पितळ किंवा स्टीलमध्ये करू नका. फिल्म अडली तर काहीतरी तुटणारच, ते डेल्रिन तुटलं पाहिजे, कॅमेऱ्याचे गिअर नाही. डेल्रिनचा तुकडा आणि मोटर यांच्या मधे ताऱ्याच्या आकाराचा रबरी तुकडा असलेलं जॉ कपलिंग (दोन अक्ष जोडणारा सांधा) घाला. ब्रॅकेट ४ मिमी ॲल्युमिनियम पट्टीचं, खालच्या ट्रायपॉडच्या भोकावर आवळलेलं. ब्रॅकेटची भोकं लांबट ठेवा म्हणजे मोटर सरकवून अक्ष जुळवता येतो. अक्ष चुकला तर दर आठ फ्रेमला एक बारीक हेलकावा दिसतो, आणि काही महिन्यांत शाफ्टचा बुश घासून ढिला होतो.

कॅमेऱ्यावर चार गोष्टी करायच्या.

स्प्रिंग वेगळी करणारा लीव्हर शून्यावर न्या. अडला तर जोर लावू नका, कॅमेरा किंचित चालवा म्हणजे दात मोकळे होतात.

बाजूचं रिलीज सतत चालू राहील अशा जागी अडकवा, नाहीतर मोटर बंद यंत्रणेवर जोर लावत बसेल.

वेगाची डायल ६४ वर न्या. लोक डायल २४-२५ वरच ठेवतात आणि मग मोटर गरम होते, पावलं चुकतात, अशी तक्रार करतात. आतला गव्हर्नर हा ब्रेकच आहे. डायलवर लावलेल्या वेगाला तो घासायला लागतो. डायल वर नेली की तो मोटरच्या वाटेत येत नाही.

आणि दिशा. पहिल्यांदा रिकाम्या कॅमेऱ्याचं झाकण उघडून बघा की क्लॉ (फिल्म ओढणारा आकडा) खाली ओढण्याच्या दिशेने चालतोय. उलटी फिरली तर टेक-अप स्पूल गुंडाळत नाही आणि फिल्म कोठीत गोळा होते.

जुनं ग्रीस सुकलेलं असेल तर मोटर लावण्याआधी सर्व्हिस करा. गव्हर्नरला घड्याळाच्या सिंथेटिक तेलाचा एकच थेंब. गंज सोडवण्याचा स्प्रे आत अजिबात मारू नका. तो उरलंसुरलं वंगण धुऊन टाकतो, पसरत शटरच्या पात्यावर जातो आणि तिथून फिल्मवर.

पल्स_मोजणारा

इलेक्ट्रॉनिक्स: मायक्रोकंट्रोलर, स्टेपर चालवणारा टीएमसी २२०९ ड्रायव्हर, तीन १८६५० सेल सिरीजमध्ये (११.१ व्होल्ट) संरक्षण सर्किटसकट. हा ड्रायव्हर शांत आहे. जुने ड्रायव्हर या वेगाला किरकिरतात आणि ती किरकिर पेटीच्या सुरात ऐकू येते.

१/१६ मायक्रोस्टेपवर (मोटरच्या एका पावलाचे सोळा भाग) एका फेऱ्याला ३२०० पल्स. २५ फ्रेमला सेकंदाला नेमके १०,००० पल्स, २४ ला ९,६००. आठ फ्रेमना ३२०० म्हणजे एका फ्रेमला ४०० पल्स. हा ४०० चा आकडा फार कामाचा आहे, कारण रिलीज अडकवून ठेवल्यावर कॅमेऱ्याची आपोआप शटर बंद करून थांबण्याची सोय गेलेली असते. मोटर नुसती तोडली तर शटर कधी उघडं राहील आणि ती फ्रेम जळेल, उन्हात शेजारच्याही. म्हणून प्रोग्रॅममध्ये पल्स मोजत राहा आणि थांबताना पुढच्या ४०० च्या पटीवरच थांबा. सुरुवातीला झाकण उघडून हाताने शाफ्ट फिरवा, शटरने गेट पूर्ण झाकलं की त्या जागेला शून्य म्हणा. बंद भाग २३० अंशांचा आहे, त्यामुळे थोडी चूक चालते.

दोन शॉटच्या मधे ड्रायव्हरचा पुरवठा तोडू नका. पुन्हा चालू करताना रोटर दोन पूर्ण पावलांपर्यंत उडी मारतो आणि शून्य हळूहळू सरकत जातं. पुरवठा ठेवा, फक्त होल्डिंग करंट कमी करा. सेल बदलले की शून्य परत लावा.

याच हिशोबाने ४०० पल्स दिले की एक फ्रेम. भरती-ओहोटीचं टाइम-लॅप्स आयतं मिळतं. फक्त प्रत्येक फ्रेम त्याच वेगाने उघडली पाहिजे, नाहीतर एक्सपोजर बदलेल.

वेग एकदम देऊ नका, मोटर जागच्या जागी थरथरेल. ०.३ सेकंदात शून्यापासून पूर्ण वेगावर न्या. त्यात १५०० पल्स, म्हणजे जेमतेम चार फ्रेम जास्त उजळ येतील. त्या संकलनात कापायच्या.

मालवण_किनारा

खूप उपयोगी. दोन शंका. घरात आर्डुइनो उनो बोर्ड पडलेला आहे, त्यावर १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल दिसतो. तो चालेल ना? १६० लाखांना १०,००० ने भागलं तर नेमके १६०० येतात, म्हणजे टायमर बरोबर बसेल असं वाटतं. दुसरं, आमच्याकडे जत्रेत बहुतेक वेळा जनरेटर असतो. तिथेही २५ लागू पडेल?

पल्स_मोजणारा

भागाकार बरोबर, बोर्ड चुकीचा. उनोवर जो चकचकीत क्रिस्टल दिसतो तो यूएसबीच्या चिपचा आहे. तुमचा प्रोग्रॅम चालवणारी चिप सिरॅमिक रेझोनेटरवर चालते, आणि त्याची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत असू शकते. हिशोब करा: १०० फुटी रोलवर ४००० फ्रेम, २५ ला २ मिनिटं ४० सेकंद. अर्धा टक्का म्हणजे ०.८ सेकंद, २० फ्रेम. पखवाजाची थाप आधी आणि हात नंतर.

खरा क्रिस्टल असलेला बोर्ड घ्या. रास्पबेरी पाय पिको चालेल. ३० पीपीएम (दहा लाखांत ३०) चूक धरली तरी अख्ख्या रोलवर ५ मिलिसेकंदसुद्धा होत नाहीत, आणि एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. आणखी पक्कं हवं तर डीएस ३२३१ घड्याळ मॉड्यूलशी तुलना करून दुरुस्ती करा. ते ० ते ४० अंश सेल्सिअसमध्ये २ पीपीएमच्या आत राहतं.

तपासायची सोपी युक्ती: कपलिंगवर पुठ्ठ्याची चकती लावा, तिच्या कडेला समान अंतरावर ३२ काळ्या रेघा. १८७.५ आरपीएमला सेकंदाला नेमक्या १०० रेघा जातात. घरातल्या चोकवाल्या ट्यूबखाली धरली की रेघा थांबलेल्या दिसतात. ग्रिड स्वतः किंचित हलतं, त्यामुळे रेघा फार सावकाश पुढेमागे सरकतील, तेवढं ठीक. पळायला लागल्या तर पावलं चुकताहेत किंवा प्रोग्रॅममध्ये गडबड आहे.

शिवाय कपलिंगवर चुंबक आणि शेजारी हॉल सेन्सर (चुंबक जवळून गेला की ओळखणारा) लावा. पूर्ण रोलला ५०० फेरे व्हायला हवेत. पाठवलेले पल्स आणि मोजलेले फेरे जुळले नाहीत तर लाल दिवा. रात्री बारा वाजता गर्दीत हा दिवाच तुम्हाला सांगेल की फिल्म अडली.

पखवाज_आणि_प्रिझम

जनरेटरची शंका रास्त आहे. लोड वाढला की त्याची फ्रीक्वेन्सी खाली येते, हलका झाला की वर जाते. ५१ हर्ट्झ असेल तर दिवे १०२ वेळा उजळतात, २५ ने भागून २ उरतात आणि सेकंदाला दोन वेळा लाट येते. कॅमेऱ्यात याला उपाय नाही, दिव्यातच करावा लागतो. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना १२ व्होल्ट बॅटरीवर थेट डीसीने चालणारे एलईडी लावा, डिमर न घालता. डिमर बहुधा पल्स तोडूनच प्रकाश कमी करतो. चेहऱ्यावरचा निम्म्याहून जास्त प्रकाश डीसीचा झाला की ट्यूबची लाट बरीच दबते. मुख्य दिवा डीसीचाच करता आला तर प्रश्नच मिटला. दशावतार कंपनीच्या मालकांना आधी भेटून विचारा, नटांच्या डोळ्यांवर प्रकाश मारला तर त्यांना अडचण होते. पुठ्ठ्यावर ट्रेसिंग पेपर लावून मऊ करा.

जाण्याआधी फोनच्या मॅन्युअल मोडमध्ये शटर १/१००० करून प्रत्येक दिव्याकडे बघा. आडवे पट्टे दिसले तर तो दिवा थरथरणारा.

आवाजाबद्दल: मोटर लागली तरी क्लॉ आणि शटरचा खडखडाट राहतोच. रेकॉर्डर पेटीवाल्याच्या बाजूला ठेवा, कॅमेरा मांडाच्या (खेळ होतो त्या जागेच्या) मागच्या टोकाला. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला टाळी किंवा झांजेचा एक ठोका चित्रात घ्या.

जुनी_गेट

सुपर १६ चा प्रश्न कोणी घेतला नाही, म्हणून लिहितो. तुमच्या कॅमेऱ्यावर ते करू नका.

लोभ कशाचा आहे ते मला समजतं. साध्या गेटची फ्रेम १०.२६ × ७.४९ मिमी. ती १६:९ साठी कापली की उंची ५.७७ उरते. सुपर १६ ची १२.५२ × ७.४१, तिथे कापून उंची ७.०४ राहते. क्षेत्रफळ जवळपास दीडपट होतं, दाणा तितका बारीक दिसतो.

पण गेट घासणं हा त्यातला सर्वात सोपा भाग. छिद्र नसलेल्या बाजूला गेट वाढतं, म्हणजे चित्राचा मध्य एक मिलिमीटरहून किंचित जास्त सरकतो आणि टरेटच तेवढी सरकवावी लागते. नाहीतर झूमचा मध्य चुकतो आणि एका कोपऱ्यात अंधार येतो. नवीन चित्राच्या पट्टीत गेटची रेल आणि रोलरची कड येते, तिथे ती खोल घासून फिल्मपासून मोकळी केली नाही तर फिल्मभर एक उभी रेघ. प्रेशर प्लेट तीच कथा. आणि रिफ्लेक्समध्ये वर प्रिझम. तो साध्या १६ च्या मापाचा आहे, त्याची कड चित्रात डोकावते. प्रिझमची जागा केसभर हलली तर व्ह्यूफाइंडरचा फोकस आणि फिल्मचा फोकस वेगळे होतात, आणि हा दोष लॅबमधून फिल्म येईपर्यंत कळत नाही. हे काम कॉलिमेटर (फोकस तपासायचं उपकरण) असलेल्याच माणसाचं.

मधला मार्ग अल्ट्रा १६. गेट दोन्ही बाजूंना ०.७ मिमी वाढतं, फ्रेम ११.६६ × ६.१५. मध्य सरकत नाही, लेन्स सरकवावी लागत नाही. चित्र वरच्या-खालच्या छिद्रांच्या मधल्या पट्टीत बसतं. पण १६:९ ला कापल्यावर फायदा सुमारे १४ टक्केच, आणि स्कॅन करणाऱ्याने फ्रेमबाहेर छिद्रांपर्यंतचा भाग (ओव्हरस्कॅन) दिला तरच. तेवढ्यासाठी चांगल्या गेटला कानस लावणं मला पटत नाही. दशावताराची चौकट तशीही उंच मुकुटांची आहे, साध्या १६ च्या ४:३ मध्ये ती सुंदर बसते.

तुमच्या १६ मिमी साध्या सी-माउंटबद्दल: रिफ्लेक्स बोलेक्सचं लेन्स-ते-फिल्म अंतर २०.७६ मिमी, साध्या सी-माउंटचं १७.५२६. मधल्या प्रिझमची जाडी धरून आरएक्स लेन्स आखलेल्या आहेत. ५० मिमीपेक्षा छोटी साधी लेन्स उघड्या ॲपर्चरला मऊ येते. दिवसा किनाऱ्यावर एफ/५.६-८ ला ती चालेल, रात्री नको. रात्रीसाठी आणखी रुंद हवं असेल तर स्विटार १० मिमी एफ/१.६ आरएक्स शोधा.

खारा_वारा_दापोली

केशरी झाक राहून गेली. तुमच्याच प्रश्नात उत्तर आहे: टरेटचं तिसरं भोक रिकामं. तिथून ऊन आत शिरतं. त्यावर धातूचं झाकण किंवा कोणतीही लेन्स कॅप लावून बसवा. दुसरी जागा म्हणजे लेन्समागचा जिलेटिन फिल्टरचा खाचा. फिल्टर वापरत नसलात तरी रिकामा होल्डर खाचेत पाहिजेच. तिसरी जागा आयपीस. डोळा बाजूला घेतलात की त्याचा पडदा बंद करा, प्रिझममधून उलटा प्रकाश फिल्मपर्यंत जातो. आयपीसवर छोटा कॅमेरा लावून मॉनिटर जोडायचा विचार असेल तर मधे काळ्या रबराची नळी हवी.

तपासायला कॅमेऱ्यात फिल्म भरून उन्हात एका जागी दोन मिनिटं थांबवा, मग कॅमेरा न हलवता दहा फ्रेम पुढे घ्या. कडेच्या डागाचा आकार सांगतो प्रकाश कुठून येतो.

रापणीच्या वेळी रोल वाळूवर बदलू नका. गाडीत किंवा माडाखाली पंचा पसरून बदला. वाळूचा एक कण गेटमध्ये गेला की तीस मीटरभर ओरखडा. प्रत्येक रोलनंतर गेट लाकडी काडीने साफ करा, धातूने नाही. आपल्या दमट हवेत इमल्शन मऊ होऊन गेटच्या कडेला साठतं, त्याचे केसासारखे तुकडे चित्रात दिसतात. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने बॉडी पुसा, लगेच कोरडी करा. ॲल्युमिनियमच्या बॉडीत स्टीलचे स्क्रू आहेत, मीठ राहिलं की आधी ते गंज धरतात. तुमच्या ब्रॅकेटचे स्क्रू स्टेनलेसचे असले तरी खाली नायलॉनचा वॉशर घाला.

फिल्म फ्रीजमधून काढली की डबा न उघडता दोन तास बाहेर राहू द्या, नाहीतर फिल्मवरच दव जमतं. एसीच्या खोलीतून बाहेर जाताना कॅमेऱ्यालाही हाच नियम, पिशवी बंद ठेवून अर्धा-पाऊण तास.

पावसाळ्यात चामड्याच्या केसमधून कॅमेरा काढून ठेवा, बुरशी तिथूनच सुरू होते. रबरी गॅस्केटचा डबा, पाव किलो सिलिका जेल, आत छोटं हायग्रोमीटर. ४० ते ५० टक्के ठीक, ६० च्या वर गेलं की जेल बदला. रंग बदललेलं जेल ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास भाजलं की पुन्हा वापरता येतं. मोटरचा बॉक्स त्याच डब्यात ठेवा, पण सेल काढून. प्रिझमवर बुरशी दिसली तर तो सोडवू नका. समोरच्या काचेवर लेन्स टिश्यू आणि थोडं आयसोप्रोपिल, बस. आत गेली असेल तर जुनी_गेट म्हणतात तसं कॉलिमेटरवाल्याकडेच.

मालवण_किनारा

ठरलं. गेटला हात लावत नाही. तिसरं भोक आजच झाकतो, आयपीसचा पडदा आणि फिल्टर होल्डर तपासतो. पिको आणि टीएमसी २२०९ मागवतो. लेथवाला दादा, शाफ्टची मापं व्हर्नियरने घेऊन इथेच टाकतो, डेल्रिनचा तुकडा त्याप्रमाणे बघाल का?

लेथवाला_रत्नागिरी

टाका. शाफ्टचा व्यास तीन ठिकाणी मोजा, टोकाला, मधे आणि बॉडीजवळ. वापरलेला शाफ्ट टोकाला घासलेला असतो. रिवाइंड हँडलच्या आतली खोलीही द्या. आणि नवी फिल्म घालण्याआधी टाकाऊ फिल्मचा एक रोल मोटरवर तीन वेळा चालवा. छिद्रांच्या कडा भिंगाखाली बघा. एकाच बाजूला फाटल्यासारख्या दिसल्या तर ०.३ सेकंदाचा चढ ०.५ करा.